कूटबद्ध ब्लू-रे डिस्कची वैयक्तिक राखीव प्रत

कूटबद्ध ब्लू-रे डिस्कची वैयक्तिक राखीव प्रत म्हणजे विकत घेतलेल्या ब्लू-रे डिस्कवरील चित्रपट किंवा अन्य दृकश्राव्य मजकूर, मूळ डिस्क खराब झाल्यास हाताशी असावा या हेतूने, डिस्कच्या मालकाने स्वतःच्या वापरासाठी दुसऱ्या माध्यमावर उतरवून ठेवणे. कागदावरील पुस्तकाची छायाप्रत किंवा जुन्या ध्वनिफितीची नक्कल काढणे यापेक्षा ही बाब वेगळी आहे. ब्लू-रे डिस्कवरील मजकूर कूटबद्ध असतो आणि योग्य किल्ली नसलेल्या यंत्राला तो वाचता येत नाही. त्यामुळे प्रत घेताना येणाऱ्या अडचणींपैकी काही डिस्कच्या झिजेमुळे, काही संगणकाच्या मर्यादांमुळे आणि काही संरक्षणव्यवस्थेमुळे उद्भवतात. तिन्हींची बाह्य लक्षणे पुष्कळदा सारखीच असतात. भारतात या कृतीची कायदेशीर बाजू प्रताधिकार अधिनियम, १९५७ आणि त्यातील २०१२ च्या दुरुस्त्यांवरून ठरते.

पार्श्वभूमी

ब्लू-रे डिस्क २००६ मध्ये बाजारात आली. डीव्हीडीसाठी तांबड्या लेसरचा वापर होत असे. ब्लू-रेमध्ये ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळसर-जांभळा लेसर वापरतात आणि त्यावरूनच या माध्यमाचे नाव पडले. एकपदरी डिस्कवर २५ गिगाबाइट व दुपदरी डिस्कवर ५० गिगाबाइट माहिती मावते. तोशिबाप्रणीत एचडी डीव्हीडी या प्रतिस्पर्धी माध्यमाने फेब्रुवारी २००८ मध्ये माघार घेतली आणि उच्च दर्जाच्या चित्रपटांसाठी ब्लू-रे हे एकच डिस्कमाध्यम उरले. भारतात प्लेस्टेशन ३ हे खेळयंत्र २००७ मध्ये विक्रीस आले. त्यातच ब्लू-रे वाचक असल्याने अनेक घरांत या डिस्कचा पहिला परिचय खेळयंत्रामार्फत झाला.

मराठी प्रेक्षकाच्या घरी त्यापूर्वी आलेल्या व्हीसीडीवर कोणतेही कूटबंधन नव्हते. तिच्यावरील फाइल संगणकावर ओढून ठेवली की प्रत तयार होत असे. डीव्हीडीवर सीएसएस नावाचे ४०-बिटी कुलूप होते. ते १९९९ मध्ये निष्प्रभ ठरले. त्या प्रकरणात खटला भरण्यात आलेल्या योन लेक योहान्सन या नॉर्वेजियन तरुणाची तेथील न्यायालयांनी २००३ मध्ये निर्दोष मुक्तता केली. या अनुभवातून धडा घेऊन चित्रपट व संगणक उद्योगाने ब्लू-रेसाठी अधिक कडक व्यवस्था आखली. डीव्हीडीचे कुलूप एकदा उघडले ते कायमचे उघडले. ब्लू-रेचे कुलूप मात्र नव्या डिस्कबरोबर बदलता येते. डीव्हीडीच्या काळातील सवयी ब्लू-रेला लागू पडत नाहीत याचे मूळ या फरकात आहे.

कुलपाची रचना

ब्लू-रेवरील मुख्य संरक्षणव्यवस्थेचे नाव ॲडव्हान्स्ड ॲक्सेस कंटेंट सिस्टिम असे असून ती एएसीएस या लघुरूपाने ओळखली जाते. आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, पॅनासोनिक, सोनी, तोशिबा, वॉल्ट डिस्ने आणि वॉर्नर ब्रदर्स या आठ कंपन्यांनी मिळून ती उभी केली. प्रत्यक्ष मजकूर १२८-बिटी एईएस पद्धतीने कूटबद्ध केलेला असतो. ही पद्धत बँकांच्या व्यवहारांतही वापरली जाते आणि ती थेट फोडणे व्यवहारतः अशक्य मानतात. त्यामुळे संरक्षणाचा सारा भार किल्ल्या गुप्त राखण्यावर पडतो.

या किल्ल्यांची साखळी समजली की पुढील बहुतेक अडचणींचा उलगडा होतो. परवानाधारक प्रत्येक प्लेअरमध्ये, मग तो पेटीसारखा स्वतंत्र असो वा संगणकावरील सॉफ्टवेअर, उपकरण-किल्ल्यांचा एक संच असतो. प्रत्येक डिस्कवर माध्यम-किल्ली खंड नावाचा माहितीचा गट असतो. प्लेअर आपल्या संचाच्या साहाय्याने त्या खंडातून माध्यम-किल्ली काढतो. तिला डिस्कच्या ओळखक्रमांकाची जोड दिली की त्या डिस्कपुरती विशिष्ट किल्ली मिळते. तिने शीर्षक-किल्ल्या उघडतात आणि शीर्षक-किल्ल्यांनी चित्रपट. एखाद्या प्लेअरच्या किल्ल्या उघडकीस आल्या, तर यानंतर निघणाऱ्या डिस्कवरील खंड अशा रीतीने रचतात की त्या किल्ल्यांना माध्यम-किल्ली काढताच येऊ नये. यास रद्दीकरण म्हणतात.

साखळीतील सर्वांत चमत्कारिक दुवा म्हणजे डिस्कचा ओळखक्रमांक. तो इतर माहितीसारखा फाइलमध्ये नसतो. तो डिस्कवर एका वेगळ्या खुणेच्या रूपात कोरलेला असतो. ही खूण उमटवणारी यंत्रे फक्त परवानाधारक कारखान्यांकडे असतात आणि घरगुती लेखनयंत्राला ती उमटवता येत नाही. ड्राइव्हदेखील हा क्रमांक कोणालाही देत नाही. संगणकावरील प्लेअरने आपले प्रमाणपत्र दाखवले आणि ते रद्द झालेले नाही याची ड्राइव्हला खात्री पटली, तरच तो क्रमांक पुढे केला जातो.

काही डिस्कवर याखेरीज बीडी प्लस नावाचा दुसरा थर असतो. त्यात डिस्कवरच एक छोटी आज्ञावली असते. प्लेअरमधील आभासी यंत्रात ती चालते, प्लेअर अस्सल आहे का हे तपासते आणि मुद्दाम बिघडवून ठेवलेले चित्रांश दुरुस्त करते.

व्यवस्था बाजारात येऊन वर्षही पुरे होण्याआधी, डिसेंबर २००६ मध्ये, एचडी डीव्हीडीवरील एएसीएस किल्ल्या संगणकीय प्लेअरच्या स्मृतीतून मिळवता येतात हे उघड झाले. २००७ च्या पूर्वार्धात एक प्रक्रिया-किल्लीही फुटली. ती होती केवळ बत्तीस अक्षरांकांची एक संख्या. ती संकेतस्थळांवरून काढून टाकण्याच्या नोटिसा निघाल्यावर लोकांनी ती गाण्यांत गुंफली आणि सदऱ्यांवरही छापली. एखाद्या संख्येवर मालकी सांगता येते का, हा प्रश्न त्या वेळी कायद्याच्या वर्गांतही चर्चिला गेला. सामान्य ग्राहकाला झळ बसली ती वेगळ्याच ठिकाणी. त्या वर्षी काही संगणकीय प्लेअरच्या किल्ल्या रद्द झाल्या आणि अद्ययावत आवृत्ती न घेणाऱ्यांच्या संगणकावर नव्या डिस्क चालेनाशा झाल्या.

अडचणींचे निदान

डिस्क झिजली आहे की कुलूप आड येत आहे, हे प्रथम ठरवणे आवश्यक असते. त्यासाठी सोपी कसोटी अशी की तीच डिस्क टीव्हीला जोडलेल्या स्वतंत्र प्लेअरवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहावी. तेथेही ती त्याच प्रसंगाशी अडकत असेल तर दोष डिस्कमध्ये आहे. तेथे नीट चालून संगणकावर मुळीच उघडत नसेल तर संशय किल्ल्या, प्रमाणपत्र किंवा संगणकाच्या मांडणीकडे वळवावा. कुलपामुळे येणारा नकार बहुधा आरंभीच आणि दरवेळी सारखाच येतो. झिजेमुळे येणारा अडथळा मात्र मधेच, कधी या मिनिटाला तर कधी पुढच्या, आणि ड्राइव्हची घरघर वाढवत येतो.

वाचनदोष. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो. ब्लू-रेमध्ये तो केवळ ०.१ मिलिमीटर आत असतो. या कारणाने ब्लू-रेवर कठीण लेप देणे आवश्यक ठरले आणि बारीक ओरखडे तिला सहसा उमटत नाहीत. पण बोटांचे तेलकट ठसे व धूळ यांचा उपद्रव होतो. मऊ, कोरड्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोलाकार पुसल्यास ओरखडा माहितीच्या मार्गाला समांतर जातो आणि त्रुटीदुरुस्तीच्या आवाक्याबाहेर जाऊ शकतो. दुपदरी डिस्क नेमकी अर्ध्यावर अडत असेल, तर एका पदरावरून दुसऱ्यावर जाताना लेसरचा नेम चुकत असण्याची शक्यता असते. अशा वेळी दुसरा ड्राइव्ह वापरून पाहणे हा उपाय अनेकदा लागू पडतो.

यूएसबीवर चालणाऱ्या लहान ड्राइव्हच्या बाबतीत वीजपुरवठ्याचा दोष वारंवार कुलपाच्या माथी मारला जातो. यूएसबी २ जोडणीतून प्रमाणित मर्यादेनुसार ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो, यूएसबी ३ मधून ९००. ड्राइव्हला वेग घेताना याहून अधिक प्रवाह लागला की तो मधेच नाहीसा होतो, पुन्हा प्रकटतो आणि पडद्यावर डिस्क वाचता येत नसल्याचा संदेश येतो. दोन तोंडांची केबल किंवा स्वतंत्र वीजपुरवठा असलेला हब जोडताच ही तक्रार दूर होते.

डिस्क रिकामी दिसणे किंवा फाइल न मावणे. ब्लू-रे चित्रपटांसाठी यूडीएफ २.५० ही फाइलरचना वापरतात. विंडोज एक्सपीला ती मुळात वाचता येत नव्हती, म्हणून जुन्या संगणकावर भरलेली डिस्कही रिकामी भासे. दुसरी अडचण आजही भेटते. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने सज्ज केलेला असेल तर त्यावर चार गिगाबाइटपेक्षा मोठी एकसंध फाइल ठेवता येत नाही, आणि ब्लू-रेवरील मुख्य चित्रपटाची एकच फाइल वीस-तीस गिगाबाइटची असू शकते. जागा शिल्लक असूनही जागा नसल्याचा संदेश येतो तो या कारणाने. यात कूटबंधनाचा काहीही संबंध नसतो.

तंतोतंत प्रत, पण निरुपयोगी. सर्व अडचणींत ही सर्वांत फसवी आहे, कारण तिच्यात कोणतीही चूक झाल्याचे दिसत नाही. डिस्कवरील सर्व फाइल हार्ड डिस्कवर उतरतात, आकार जुळतो, चेकसमही जुळतो. तरी प्रत चालत नाही, किंवा रंगीत ठिपक्यांचा गोंधळ दिसतो. उतरवलेला मजकूर अद्याप कूटबद्धच असतो आणि तो उघडण्यास आवश्यक असलेला ओळखक्रमांक मूळ डिस्कवरच राहिलेला असतो. संपूर्ण डिस्कची प्रतिमा-फाइल तयार केली तरी ही खूण तिच्यात येत नाही. मूळ डिस्क धडधाकट आहे तोवर हे कोणाच्या लक्षात येत नाही. ती तुटल्यावर किंवा हरवल्यावर प्रत उघडू पाहावी, तेव्हा आपल्याजवळ किल्लीविना तिजोरी आहे हे कळते. म्हणून प्रत घेतली त्याच दिवशी, मूळ डिस्क ड्राइव्हबाहेर काढून, ती चालते का हे पाहणे ही या विषयातील सर्वांत उपयुक्त खबरदारी होय.

काल चालत होती, आज चालत नाही. संगणकावरील प्लेअरची प्रमाणपत्रे ठरावीक काळाने बदलतात. नवी डिस्क ड्राइव्हमध्ये घातली की ड्राइव्ह तिच्यावरील अद्ययावत रद्दयादी स्वतःच्या स्थायी स्मृतीत नोंदवून घेतो आणि ही नोंद सामान्य वापरकर्त्याला पुसता येत नाही. यादीत प्लेअरचे जुने प्रमाणपत्र असेल तर तो ड्राइव्ह त्या प्लेअरला यापुढे ओळखक्रमांक देण्याचे नाकारतो. परिणामी पूर्वी चालणाऱ्या जुन्या डिस्कही बंद पडतात. ग्राहक बहुधा ड्राइव्ह बिघडला असे समजून तो बदलतो. खरा उपाय प्लेअर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेणे हा असतो. मात्र त्या कंपनीने आधार देणे थांबवले असेल तर उपाय उरत नाही. विंडोजमध्ये ब्लू-रे चित्रपट चालवण्याची सोय अंगभूत नसते, ॲपलच्या संगणकांतही नसते. मुक्त स्रोत जगतात व्हिडिओलॅन प्रकल्पाने लिबएएसीएस हे ग्रंथालय-सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले आहे. एएसीएसचा उलगडा करणारी गणिते त्यात आहेत, किल्ल्या मात्र नाहीत.

चित्र फुटणे व प्रसंगांची उलटापालट. प्रतीत चित्रपट सुरू होतो, पण ठरावीक अंतराने चौकोन फुटतात, तर बीडी प्लसने बिघडवलेले अंश दुरुस्त न होताच प्रतीत उतरले असण्याचा संभव असतो. मूळ डिस्कच्या पहिल्या थराचे कुलूप उघडले, दुसऱ्याचे नाही, असा त्याचा अर्थ. याउलट चित्र स्वच्छ आहे पण उत्तरार्धातील प्रसंग पूर्वार्धात येतात, असे घडत असेल तर दोष क्रमयादीचा असतो. काही निर्मात्यांनी डिस्कवर शेकडो बनावट क्रमयाद्या ठेवण्याची युक्ती योजली. सर्वांची लांबी जवळजवळ सारखी असते आणि खरी कोणती हे केवळ डिस्कच्या मेनूला ठाऊक असते. मूळ डिस्क प्लेअरवर चालवून खरा क्रम पडताळणे हाच येथे मार्ग आहे.

वीसेक मिनिटांनी आवाज बंद होणे. सिनाव्हिया ही व्हेरन्स कंपनीची ध्वनिखूण चित्रपटाच्या आवाजातच मिसळलेली असते. कानाला ती जाणवत नाही आणि आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित केला तरी टिकून राहते. फेब्रुवारी २०१२ पासून नव्या ब्लू-रे प्लेअरमध्ये ती ओळखण्याची सोय सक्तीची झाली. प्लेअरला खूण आढळली पण मजकुरावर अधिकृत कुलूप आढळले नाही, तर काही वेळाने तो आवाज बंद करतो आणि पडद्यावर सूचना झळकते. प्रत विकत घेतलेल्या डिस्कवरून स्वतःसाठी काढली आहे की बाजारात विकण्यासाठी, हा भेद ही खूण करू शकत नाही.

प्रदेशसंकेत. ब्लू-रेसाठी जग तीन प्रदेशांत विभागले आहे. भारत सी प्रदेशात, अमेरिका व जपान ए प्रदेशात, युरोप व ऑस्ट्रेलिया बी प्रदेशात येतात. डीव्हीडीच्या विभागणीत भारताचा क्रमांक ५ होता. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांनी लंडनहून आणलेली डिस्क भारतात घेतलेल्या प्लेअरवर चालत नाही ती बहुधा यामुळे. डीव्हीडीच्या बाबतीत हे बंधन ड्राइव्हमध्येच असे व ते मोजक्याच वेळा बदलता येई. ब्लू-रेचे बंधन संगणकावर प्लेअर सॉफ्टवेअर पाळते. अनेक डिस्कवर प्रदेशबंधन घातलेलेही नसते, तेव्हा वेष्टनावरील चिन्ह प्रथम पाहावे.

पडदा काळा राहणे. प्लेअर आणि पडदा यांच्यातील एचडीएमआय जोडणीवर एचडीसीपी हे स्वतंत्र कुलूप असते. जुना मॉनिटर किंवा स्वस्त जोडपट्टी ते ओळखत नसेल तर आवाज येतो, चित्र येत नाही. तसेच २०१० अखेरनंतर निर्माण झालेल्या प्लेअरांना जुन्या ॲनालॉग जोडणीवर उच्च दर्जाचे चित्र देण्यास मनाई झाली आणि २०१३ नंतरच्या प्लेअरांत तो मार्ग बंदच करण्यात आला. जुन्या नळीच्या टीव्हीला नवा प्लेअर जोडता न येण्याचे कारण हेच आहे.

अल्ट्रा एचडी ब्लू-रे. २०१६ मध्ये आलेल्या या डिस्कसाठी एएसीएसची दुसरी पिढी वापरली जाते. संगणकावर त्या अधिकृतपणे चालवण्यासाठी इंटेल प्रोसेसरमधील एसजीएक्स ही सुरक्षित कप्प्याची सोय आवश्यक होती. घरगुती संगणकांच्या अकराव्या पिढीपासून इंटेलने ती काढून टाकली. त्यामुळे अधिक जुना संगणक ही डिस्क चालवतो आणि अधिक नवा चालवत नाही, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली आहे.

अधिकृत प्रतीची योजना

एएसीएसच्या करारात ग्राहकाला एक अधिकृत प्रत देण्याची व्यवस्थापित प्रत नावाची तरतूद होती. २००९ च्या अंतिम करारात ती समाविष्ट झाली. मालकाने परवानाधारक यंत्रात डिस्क घालावी, यंत्राने सर्व्हरकडून अनुमती घ्यावी आणि कूटबद्ध रूपातच एक प्रत तयार करावी, अशी कल्पना होती. व्यवहारात अशी यंत्रे बाजारात रुजलीच नाहीत. कागदावरची ही तरतूद प्रत्यक्षात उतरली असती तर वर वर्णन केलेल्या निम्म्या अडचणींना कारणच उरले नसते.

भारतातील कायदेशीर स्थिती

प्रताधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये उल्लंघन न ठरणाऱ्या कृतींची यादी आहे. त्यातील ५२(१)(क) नुसार खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, संशोधनासह, केलेला न्याय्य व्यवहार उल्लंघन ठरत नाही. २०१२ पूर्वी ही सवलत साहित्य, नाट्य, संगीत व कलाकृती यांनाच होती, चित्रपट व ध्वनिमुद्रणे तिच्याबाहेर होती. २१ जून २०१२ रोजी अमलात आलेल्या दुरुस्तीने ती संगणकीय आज्ञावली वगळता कोणत्याही कृतीला लागू केली. या हेतूंसाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात केलेली साठवण उल्लंघन नव्हे, असे स्पष्टीकरणही जोडले. तथापि ‘राखीव प्रत’ हा शब्दप्रयोग अधिनियमात केवळ संगणकीय आज्ञावलीच्या संदर्भात येतो. चित्रपटाच्या राखीव प्रतीचा आधार म्हणून न्याय्य व्यवहाराच्या सर्वसाधारण तत्त्वाकडेच जावे लागते आणि व्यवहार न्याय्य होता की नाही हे प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवर ठरते.

याच दुरुस्तीने कलम ६५क आले. संरक्षणासाठी योजलेल्या परिणामकारक तांत्रिक उपायाला जो कोणी अधिकारभंगाच्या हेतूने बगल देईल, त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. यातील ‘हेतूने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अधिनियमाने स्पष्टपणे मनाई न केलेल्या प्रयोजनासाठी केलेली कृती या कलमातून वगळली आहे. कूटबंधनावरील संशोधन, विधिसंमत तपास आणि मालकाच्या परवानगीने केलेली सुरक्षाचाचणी यांनाही सूट आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडण्याची साधने बनवणे व पुरवणे हादेखील स्वतंत्र अपराध आहे आणि चित्रपट-डिस्कच्या वैयक्तिक प्रतीसाठी सूट मागणारे अर्ज तेथे फेटाळले गेले आहेत. ब्रिटनने २०१४ मध्ये वैयक्तिक प्रतीला मुभा दिली, ती २०१५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. भारतीय कलम या दोहोंच्या तुलनेने सौम्य आहे. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मात्र त्या त्या देशाचा कायदा लागू होतो.

कलम ६५क मधील एक अट सहसा दुर्लक्षित राहते. दुसऱ्या व्यक्तीला अशा वैध प्रयोजनासाठी कुलूप ओलांडण्यास साहाय्य करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, ओळख पटवणारा सर्व तपशील आणि प्रयोजन यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. यवतमाळ, वणी, पुसद किंवा उमरखेड येथील संगणक दुरुस्तीच्या वा मोबाइलच्या दुकानात ग्राहकाची डिस्क पेन ड्राइव्हवर उतरवून देण्याचे काम कोणी पत्करले, तर ही अट त्याच्या गल्ल्यापर्यंत येऊन पोहोचते. वहीत नोंद नसेल तर आपण केवळ ग्राहकाच्या वैयक्तिक वापरासाठी साहाय्य केले हे सांगणे दुकानदाराला अवघड जाते. तीच प्रत त्याने दुकानातील संगणकात ठेवून दुसऱ्याला विकली, तर प्रश्न कलम ६३ चा होतो. त्यात सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. महाराष्ट्रात याशिवाय १९८१ चा स्थानबद्धता कायदा आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आदींसाठी केलेल्या या कायद्यात २००९ मध्ये दृकश्राव्य कलाकृतींच्या चाचेगिरीचा समावेश झाला. घरापुरती प्रत काढणारा त्याच्या कक्षेत येत नाही. व्यापारी नक्कल करणारा येऊ शकतो.

ग्रंथालयांच्या बाबतीत कायद्याची शब्दरचना काहीशी अनपेक्षित आहे. अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते, पण त्याच्याकडे तिची अंकीय नसलेली प्रत आधीपासून असेल तरच. ब्लू-रे डिस्क मुळातच अंकीय असल्याने महाविद्यालयीन ग्रंथालयातील चित्रपट-संग्रहाला या पोटकलमाचा थेट आधार मिळत नाही. जुन्या फिल्मच्या रिळाला जे संरक्षण मिळते ते तिच्या आधुनिक वारसाला मिळू नये, हा विरोधाभास दुरुस्ती करणाऱ्यांच्या नजरेतून सुटला असावा. अपंग व्यक्तींना सुलभ स्वरूपात कृती उपलब्ध करून देण्याची सवलत मात्र २०१२ पासून आहे. कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी उपशीर्षके घालून प्रत तयार करणे तिच्यात बसू शकते.

जतनाचा प्रश्न

महाराष्ट्राला चित्रपटांच्या नाशाचा अनुभव आहे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेच्या आवारातील कोठारास लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला. १९६४ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. डिस्क नायट्रेटसारखी पेटत नाही, तिचा ऱ्हास निमूटपणे होतो. शिवाय ती वाचणारी यंत्रेच दुर्मिळ होत चालली आहेत. स्वस्त व्हीसीडी व डीव्हीडी घरोघरी पोहोचवणारी मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले.

यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. पत्र्याच्या छताखालील कपाटात किंवा उभ्या मोटारीत ठेवलेल्या डिस्कला याहून बरीच अधिक उष्णता सोसावी लागते व ती किंचित वाकली तरी लेसरचा नेम चुकतो. मूळ वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेचार मेगाबाइट या गतीने, दुपदरी डिस्क पूर्ण वाचण्यास तीन तासांहून अधिक वेळ लागतो. मे महिन्याच्या दुपारी तितका वेळ ड्राइव्ह चालवला तर तो तापून वाचनदोष वाढतात, आणि मधेच वीज गेली तर अर्धवट उतरलेली फाइल पूर्ण असल्याचा भास होऊ शकतो. प्रत पहाटे किंवा रात्री, यूपीएसच्या आधारावर घेणे आणि मूळ फाइलशी आकार व चेकसम ताडून पाहणे श्रेयस्कर ठरते.

लग्नसमारंभ, बारसे, शाळेचे स्नेहसंमेलन यांच्या चित्रीकरणाच्या डिस्कबाबत वरील कुलपांची भीती बाळगण्याचे कारण नाही. छायाचित्रकाराने स्वतःच्या संगणकावर तयार केलेल्या डिस्कवर एएसीएसचे कूटबंधन सामान्यतः नसते. तिच्यावरील फाइल थेट उतरवता येतात. अशी डिस्क वाचली जात नसेल तर दोष जवळजवळ नेहमी लेखनाचा किंवा झिजेचा असतो. कारखान्यात ठशाने छापलेल्या चित्रपटाच्या डिस्कपेक्षा घरी लेसरने लिहिलेली डिस्क लवकर क्षीण होते, विशेषतः तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असेल तर. चित्रपटाची दुसरी प्रत कुठे ना कुठे विकत मिळू शकते, लग्नाच्या चित्रणाची मिळत नाही. म्हणून मर्यादित वेळ असल्यास आधी घरगुती डिस्क हार्ड डिस्कवर उतरवाव्यात, त्यांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि वर्षा-दोन वर्षांनी ती उघडून पाहावी.